खोकल्याची हद्द

त्या वर्षी मार्गशीर्षात सगळ्या पुण्याला खोकला झाला. न खोकणारा माणूस शोधून आणायला आमच्या चावडीने दोन प्यादे धाडले होते, ते खोकत परत आले.

राज्य पेशव्यांचे होते आणि बंदोबस्त चोख होता. साथीसाठी आमच्या पेठेत एक वेगळी चावडी उघडली गेली आणि तिच्यावर दीनानाथपंत हे कारभारी नेमले गेले. पेठेचे नाव सांगत नाही. सांगितले तर तिथले लोक म्हणतील बदनामी केली, आणि बाकीच्या पेठांतले म्हणतील आम्हांला का वगळले. मी त्या चावडीत कारकून होतो. माझे नाव गोपाळकृष्ण, पण पंत मला फक्त "लिहा" असे म्हणत आणि मी ओ देत असे.

साथीच्या बंदोबस्ताची कलमे दोन होती. पहिले असे: ज्या घरी ताप-खोकला असेल त्या घरच्यांनी चावडीच्या कामाशिवाय बाहेर पडू नये, त्यांना सरकारातून रोज चार घागरी पाणी आणि पेजेपुरते तांदूळ घरपोच मिळतील. दुसरे कलम मागल्या जरीमरीच्या, म्हणजे पटकीच्या, वेळचे, जुनेच पण अजून टिकाऊ: ज्या घरी ढाळ लागले असतील त्या घराला हौदबंदी. त्या घरच्याने हौदावर यायचे नाही, दुसऱ्याने हौदाचे पाणी त्या घरी न्यायचे नाही. नेल्यास नेणाऱ्याच्या घरालाही हौदबंदी. दोन्ही कलमे एकाच कागदावर, एकाच दौतीतल्या शाईने लिहिलेली होती. ती मीच लिहिली असल्यामुळे अक्षराविषयी बोलत नाही.

अडचण एवढीच होती की रोगाला मोडी वाचता येत नसावी. तो पहिले दोन दिवस छातीत राही आणि तिसऱ्या दिवशी खाली पोटात उतरे. त्यामुळे दोन दिवस सरकारचे पाणी पिणारे घर तिसऱ्या दिवशी, म्हणजे पाण्याची खरी गरज लागे त्याच दिवशी, पहिल्या यादीतून उठून दुसऱ्या यादीत जाऊन बसे.

पुणेकर शहाणे. हा हिशेब त्यांना चार दिवसांत कळला, आणि पाचव्या दिवसापासून पेठेत कोणाचेही पोट बिघडेना. सकाळी तांब्या घेऊन परसात धावणाऱ्याला हटकले, तर तो धावता धावता म्हणे, "तुळशीला पाणी घालतोय!" काही घरांत तुळशीला दिवसातून आठ-आठ वेळा पाणी घातले जात होते. इतके पाणी मिळूनही त्या वर्षी एकही तुळस वाढली नाही.

खरे बोलण्याची चूक पेठेत एकाच माणसाने केली. इम्तियाज कागदी. कागदी आळीतल्या त्याच्या कारखान्यातला कागद चावडीला लागे. म्हणजे आम्ही जे जे लिहिले ते त्याच्याच अंगावर, असे म्हणायला हरकत नाही. त्याची बायको सलीमा दोन दिवस खोकत होती. तिसऱ्या दिवशी हौदाचा रखवालदार बजरंग सरकारी घागर घेऊन दारात आला. हा धायरीचा, स्वभावाने गरीब.

"वैनीला आता बरं हाय का?" त्याने सहज विचारले.

"खोकला आहेच," इम्तियाज म्हणाला. "पण आज पहाटेपासून उलट्या आणि ढाळ. पोटात काही ठरत नाही."

बजरंगाने टेकवलेली घागर उचलली आणि तशीच माघारी नेली. जाताना म्हणाला, "मी इचारायलाच नको हुतं."

मग नदीवर जावे? नदीच्या वाटेवर चौकी होती, आणि दस्तक, म्हणजे सरकारी परवाना, दाखवल्याशिवाय साथीच्या दिवसांत चौकीवाले कोणाला पुढे सोडत नसत. दस्तक आमची चावडी देई. हौदबंदीतल्या घराला दस्तक द्यायचा नाही, असा चावडीचा नियम होता. चावडीपर्यंत येऊन अर्ज करण्याची मुभा मात्र प्रत्येकाला होती. पाण्यापासून अडवले तरी अर्जापासून कोणाला अडवू नये, हा आमच्या राज्याचा लौकिक.

इम्तियाज अर्ज घेऊन आला.

"पंत, पाण्याबद्दल आहे. बायकोचं वरून जातंय, खालून जातंय, आणि द्यायला घरात पाणी नाही. कारखान्यातल्या कुंडीत आहे, पण त्यात चुना कालवलेला आहे."

"नीट बोला. ही चावडी आहे."

"नीटच बोलतोय. जे होतंय तेच नीट नाही."

पंतांनी अर्ज वाचला. इम्तियाजचे म्हणणे असे होते की हे ढाळ जरीमरीचे नाहीत, हे खोकल्याचेच आहेत. एकाच रोगाने आधी छाती धरली, मग पोट धरले. सबब पहिले कलम लावून पाणी द्यावे. पंतांनी चावडीचे वैद्य अनंतशास्त्री यांच्याकडे पाहिले.

"शास्त्रीबुवा, खोकल्याची हद्द कुठवर?"

"कंठापासून शेवटच्या बरगडीपर्यंत," शास्त्रीबुवांनी डोळे मिटून सांगितले.

"त्याखाली?"

"त्याखाली उदर. तो मुलूख निराळा."

"मग खोकला त्या मुलखात उतरला, असं हे म्हणतात ते कसं?"

"उतरेल कसा? पुण्यातून लोणी काळभोरला बैलगाडी न्यायची तर दस्तक लागतो. शरीरात काय बेबंदशाही आहे?"

"लिहा," पंत म्हणाले. मी लिहिले.

"पण उतरलाय ना, शास्त्रीबुवा!" इम्तियाज म्हणाला. "चला, डोळ्यांनी बघा."

"मी? ढाळाच्या घरी?" शास्त्रीबुवा दोन बोटे मागे सरकले. "मी खोकल्याचा वैद्य आहे."

तरीही अर्ज फेटाळला गेला नाही. आमच्याकडे अर्ज फेटाळत नसत, चौकशीला घेत. पंतांनी अर्जदाराला सवाल घातले. घरातले ढाळ नवे की वडिलोपार्जित? पूर्वापार चालत आले असल्यास पुरावा काय?

"पुरावा जपून ठेवावा अशी ती चीज नव्हती, पंत."

"उपहास नको. म्हणजे पुरावा नाही. लिहा." मग पंतांनी निवाडा केला, की प्रश्न मोठा आहे, एकट्याने ठरवायचा नाही. वतनाच्या भांडणात भरवतात तशी सभा भरवावी, पेठेतले एकवीस प्रतिष्ठित बोलवावेत, प्रत्येकाला शपथेवर विचारावे की आपल्या घरचा खोकला पोटात उतरला काय, आणि सगळ्यांच्या सह्यांनी त्याचा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, करावा.

"कधी?" इम्तियाजने विचारले.

"उद्या दुपारी. कागद तुम्हीच द्यायचा. अर्जदाराने द्यायची रीत आहे. जाड द्या. सह्या पुष्कळ आहेत."

घरी आलो तर आनंदी, म्हणजे माझी बायको, माजघराच्या दारातच उभी होती. कागदी आळीची भिंत आणि आमच्या परसाची भिंत एकच.

"काय ठरलं हो सलीमाचं?"

"उद्या महजर आहे."

"म्हणजे पाणी मिळेल?"

"म्हणजे कागद होईल."

"तिच्या ओठांना भेगा पडल्यात. डोळे आत गेलेत. मदिनाबी भिंतीवरून हात पुढे करून मागत होत्या." मदिनाबी ही इम्तियाजची आई. "मी अर्धा तांब्या दिला. जास्त कुठून देणार? आपल्यालाच पुरत नाही. सासूबाई चारदा, मी तीनदा, आणि तुम्ही पहाटेपासून किती वेळा गेलात?"

"मी तुळशीला..."

"अहो, तुळस तुमच्या पोटात आहे का?"

मी तांब्या उचलला. मला परसात जायचे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभा भरली. जाजम अंथरली होती. एकवीस प्रतिष्ठित पगड्या घालून बसले. चावडीच्या मागे परस होते आणि परसाच्या दाराशी एक सरकारी तांब्या होता. सभा सुरू झाल्यापासून त्या तांब्याला क्षणाची उसंत मिळाली नाही. "जरा बाहेर जाऊन येतो." "घोड्याला दाणा घालून येतो." हे म्हणणाऱ्या गृहस्थांकडे घोडा नव्हता. "सूर्य किती कलला ते पाहून येतो." एका सावकारांना सूर्य तीनदा पाहावा लागला. खुद्द पंत "कागदपत्रं पाहून येतो" म्हणून परसात गेले, आणि अनंतशास्त्री तर काही न बोलताच गेले. धावताना बोलू नये, असे त्यांचे शास्त्र असावे. मी कारकून असल्यामुळे मला कारण सांगावे लागत नव्हते. माझ्याकडे कोणी पाहतच नव्हते.

येताना प्रत्येक जण उपरण्याला हात पुसत बसे, आणि पाळी आली की शपथेवर सांगे, "आमच्या घरी खोकला आहे. पोट उत्तम."

एकवीस पोटे उत्तम निघाली. महजर लिहिला: 'खोकला छातीत होतो, पोटात उतरत नाही, आजवर उतरला नाही. कागद्याच्या बायकोचे ढाळ हे तिचे स्वतःचे.' ज्यांना लिहिता येत होते त्यांनी सह्या केल्या. सुताराने निशाणी म्हणून वाकस काढला, माळ्याने खुरपे काढले. हौदाचा रखवालदार म्हणून बजरंगाने अंगठा दिला. खाली पंत, शास्त्रीबुवा आणि मी. सगळे मिळून पंचवीस.

इम्तियाज उंबऱ्याशी उभा राहून सगळे ऐकत होता. त्याने महजर हातात घेऊन सह्या मोजल्या.

"बजरंगाचीही आहे," तो म्हणाला.

"आहे. का?"

"काही नाही. सगळे आलेत ते बरं झालं. पंत, मला हा महजर मान्य नाही. मी दिव्य मागतो."

सभा दचकली. हरलेल्या पक्षाने दिव्य मागितले तर नाही म्हणता येत नसे, ही जुनी रीत. "उकळत्या तेलात हात घालणार?" पंतांनी विचारले. "बायको आजारी, तुम्ही हात जाळून बसाल. विचार करा."

"तेल कशाला, पंत? तेलकटाने पोट बिघडतं. दिव्य माझ्यासाठी नको, ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यासाठी हवंय. अवघड नाही. पंचवीस जणांनी इथंच, या जाजमेवर, एक घटका बसून राहायचं. एक जरी उठला तरी मी खरा, माझ्या घरचं पाणी सुरू. कोणीच उठलं नाही तर महजर खरा. मी पुन्हा या चावडीची पायरी चढणार नाही."

"नुसतं बसायचं?" पंत हसले. "एवढंच? लिहा." आणि मग त्यांचे हसू पोटाच्या दिशेने हळूहळू उतरत गेले. त्यांनी शास्त्रीबुवांकडे पाहिले. शास्त्रीबुवांनी परसाच्या दाराकडे पाहिले. 'नाही' कोणी म्हणावे? जो म्हणेल त्याला कारण सांगावे लागले असते.

घटिकापात्र मांडले गेले. पाण्याने भरलेले मोठे घंगाळ, त्यात तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी. भोकातून पाणी आत शिरते, वाटी भरून बुडली की घटका झाली. पंचवीस माणसे पाणी झिरपताना पाहू लागली. अशा वेळी पाण्याकडे पाहू नये, हे त्यांना उशिरा कळले.

वाटी पावसुद्धा भरली नव्हती, तेव्हा माळ्याच्या कपाळावर घाम आला. सावकारांनी पगडी काढून मांडीवर ठेवली आणि ती दोन्ही हातांनी दाबून धरली. खोकला तर सगळ्यांनाच येत होता. पण छाती आणि पोट यांचे मुलूख निराळे आहेत असे ज्यांनी लिहून दिले होते, ते पंचवीसही जण तोंडात उपरणे कोंबून खोकला दाबत होते. वर खोकले तर खाली काय होईल, हे प्रत्येकाला पक्के ठाऊक होते.

आणि मग बाहेरून आवाज आला. बुडुक्.

चावडीच्या समोरच हौद. घागर बुडवल्याचा तो आवाज होता. पुन्हा एक. मग पितळेवर पितळ आपटल्याचा. मग मदिनाबीचा: "अगं, ती मोठी धर! कडेवर घे, सांडू नको!"

मदिनाबीला उत्तर देणारा आवाज माझ्या बायकोचा होता. तो मी ओळखला नाही. तशी नोंद आहे.

बजरंग कळवळला. "पंत, हौद!"

"बैस."

"पर पंत, पाणी नेत्यात! समदं ऐकू येतंय!"

"बजरंगा, तुला उठायचं तर ऊठ," पंत दातांवर दात ठेवून म्हणाले. "पण का उठलास ते लिहावं लागेल. आणि तुझ्यामागं आणखी कोण कोण उठलं तेही."

बजरंग बसून राहिला. आपला हौद लुटला जात असताना रखवालदाराने ऐकत बसावे, ही नोकरीतली मोठी शिक्षा. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. मी मोजत होतो, दुसरे काही सुचत नव्हते म्हणून. अकरा घागरी. इम्तियाज आमच्यासमोर हात बांधून उभा होता. त्याने एकदाही हौदाकडे मान वळवली नाही. तो फक्त वाटीकडे पाहत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. वाटी लवकर बुडू नये, असे मागणारा त्या चावडीत तो एकटाच होता.

वाटी बुडाली. मग जे झाले त्याचे वर्णन सरकारी भाषेत बसत नाही. पंचवीस माणसे तीन दिशांना गेली, हौदाच्या दिशेने कोणीही गेले नाही. जाजम त्याच सायंकाळी धुवायला पाठवली. कारण म्हणून मी 'धूळ' लिहिले.

निवाडा असा झाला: 'पंचवीसांतील कोणीही उठले नाही. सबब महजर खरा. अर्जदार हरला. हौदबंदी कायम.' इम्तियाजने निवाडा डोक्याला लावला, लवून मुजरा केला आणि घरी गेला. आनंदीने सांगितले की मदिनाबी पाणी उकळून, त्यात मिठाचा खडा आणि चिमूट साखर टाकून सलीमाला पळी-पळीने पाजत होती. पहिल्या दिवशी अर्धे उलटले. दुसऱ्या दिवशी ठरले. चौथ्या दिवशी सलीमाने पातळ पेज मागितली, आणि सहाव्या दिवशी ती अंगणात येऊन सुकत घातलेला कागद उलटत होती.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण बरे झालेल्या रोग्याचा अहवाल वर पाठवावा लागे.

पंत आणि शास्त्रीबुवा अहवालाला बसले. कागद्याच्या बायकोला ढाळ होते, हे महजरात आहे. तिच्या घराला आठ दिवस हौदबंदी होती, हे यादीत आहे. ती बरी झाली, हे डोळ्यांसमोर आहे.

"म्हणजे पाणी न मिळता ती बरी झाली," पंत म्हणाले.

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्यांत तेज होते. "न मिळता कसं म्हणता, पंत? न मिळाल्यामुळे!"

"लिहा," पंत म्हणाले.

पाणी तोडणे हाच ढाळांवरचा उतारा, असा शोध आमच्या पेठेत लागला. वर त्याचे फार कौतुक झाले. शास्त्रीबुवांना शालजोडी मिळाली, पंतांना मान मिळाला, आणि हुकूम निघाला की साऱ्या पुण्यात, कसब्यापासून थेट येरवड्यापर्यंत, ज्याला ढाळ लागतील त्याचे पाणी आठ दिवस बंद करावे. आता शिक्षा म्हणून नव्हे, औषध म्हणून.

हुकुमाची दवंडी ऐकून इम्तियाज धावत आला. पायरी चढायची नाही असे कबूल केले होते म्हणून तो पायरीखालीच उभा राहिला.

"पंत, असं करू नका! माणसं मरतील. सलीमाला पाणी मिळालं म्हणून ती वाचली. अकरा घागरी नेल्या आम्ही."

"कुठल्या अकरा घागरी?"

"हौदाच्या. तुम्ही बसला होता तेव्हा. ऐकल्या की सगळ्यांनी!"

"कोणी ऐकल्या?" पंतांनी चावडीभर नजर फिरवली. शास्त्रीबुवा शालीची घडी करत होते. बजरंग जमिनीकडे पाहत होता. मी लेखणी तासत होतो. ती आधीच तासलेली होती.

"ही चोरीची कबुली आहे, इम्तियाज. लिहून घेऊ?"

"घ्या. माझा अंगठाही घ्या. पण त्याखाली हेही लिहा, की चोरी पंचवीस जणांनी बसून ऐकली, आणि उठले का नाहीत तेही लिहा."

पंतांनी दौतीवर झाकण ठेवले.

"लिहू नका," पंत मला म्हणाले.

मी लिहिले नाही.

नवा उपाय मात्र नामी ठरला. प्रत्येक पेठेत, प्रत्येक दारी विचारणारे गेले, आणि जवळजवळ प्रत्येक दारी उत्तर मिळाले की खोकला आहे, पोट उत्तम. उपाय जाहीर होताच ढाळ नाहीसे झाले, असे आम्ही वर कळवले. काही थोड्या घरांत माणसे खरे बोलली. त्या घरांवर उपाय झाला. त्यांच्या शेजारी भिंत होती, भिंतीपलीकडे पाणी होते, आणि पाणी असलेली माणसे बसून होती. त्या घरांचा पुढला मजकूर माझ्याकडे नाही, कारण तिकडून अर्ज घेऊन परत कोणी आले नाही.

आपण इतका वेळ हसत वाचलेत, आभारी आहे. पंचवीसांतल्या एकाने तरी उठायला हवे होते, असेही आपल्या मनात आले असेल; ते बरोबरच आहे. आता चावडीचा माणूस आपल्या आळीत शिरला आहे. तो दारात उभा राहून विचारेल, घरात खोकल्याबरोबर आणखी काही? त्याच्यामागे कागद घेऊन मीच आहे; आपले उत्तर मी घरूनच लिहून आणले आहे. त्यात नाव तेवढे घालायचे आहे.